सर्वो गुणगुणतोय? आधी हॉर्नचा स्क्रू काढा

जालन्याच्या भावानं लिहिलंय: रिमोटवर पळणारा वन-टेन (खऱ्याच्या एक दशांश मापाचा) ट्रक आहे, स्विच चालू केला की स्टिअरिंगचा सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटरची डबी) रिमोटच्या स्टिकला हात न लावताही सारखा गुणगुणतो, पाच-सात मिनिटांत चटका बसेल इतका तापतो, एकदा बदलून झाला तरी तेच, आणि आता दुकानदार म्हणतोय 25 किलो जोराचा सर्वो घाला. भाऊ, थांबा. पैसे पाठवले नसतील तर पाठवू नका. तीन वर्षांपूर्वी लातुरात बसून मी हेच केलं होतं, आणि शेवटी माझा ट्रक औशाजवळच्या एका शेततळ्यातून गळ टाकून काढावा लागला. विहिरीत पडलेली बादली काढतात ना, तोच गळ.

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला नाही. खताच्या दुकानात हिशेब लिहितो, सुट्टीच्या दिवशी गाड्या पळवतो. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा. ट्रिम (सर्वोचा मध्य रिमोटवरून थोडा सरकवायची सोय), बॅटरी, चॅनेल उलटसुलट लागलेत का, हे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

गुणगुणणारा प्रत्येक सर्वो आजारी नसतो. डिजिटल सर्वो जागा धरून ठेवायला आतल्या मोटरला सेकंदाला 300 किंवा त्याहून जास्त वेळा ढकलत असतो, तो बारीक किणकिणणारच. गाडी जमिनीवर असताना टायर घासतात, चाक सांगितलेल्या जागेला केसभर कमी पोचतं आणि सर्वो तेवढ्यासाठी कण्हत राहतो. गाडी उचलून धरली की आवाज गेला, तर विषय सोडून द्या. करकर वाजत असेल तर गिअरचा दात गेलाय. पण चाकं हवेत, स्टिक मध्यावर, तरी घरघर आणि वर ताप, हे मात्र वेगळं प्रकरण.

त्यासाठी एकच करा. हॉर्न, म्हणजे सर्वोच्या दांड्यावर बसवलेली छोटी पट्टी, त्याचा मधला स्क्रू काढा, हॉर्न दांड्यावरून ओढून घ्या आणि मोकळा सर्वो चालू करा. गप्प बसला तर सर्वोचा दोष नाही, पुढं काहीतरी अडतंय. दोन मिनिटांचं काम. ते मी केलं नाही, तिथंच सगळं बिघडलं.

मी काय केलं? ज्यांच्याकडून घेतला त्यांना कळवलं. उत्तर आलं, व्हिडिओ पाठवा. पाठवला. चार दिवसांनी म्हणाले आवाज नॉर्मल आहे. गरम होतोय म्हटलं तर म्हणे परत पाठवा, पण तुमच्या पिनकोडला पिकअप नाही. म्हणजे पुण्या-मुंबईच्या माणसाच्या दारात माणूस येतो आणि आम्ही पदरच्या पैशानं स्पीड पोस्ट करायचं! केलं. तीन आठवड्यांनी तोच सर्वो परत आला, सोबत चिठ्ठी, ‘तपासला, दोष नाही’. आता कळतं की ते खरंच बोलत होते, टेबलावर मोकळा चालवला तर तो गप्पच बसणार. पण ‘लिंकेज बघा’ (सर्वोपासून चाकापर्यंतचे दांडे-सांधे) एवढे दोन शब्द लिहायला काय जात होतं? उलट फोनवर सल्ला दिला, ट्रक जड आहे, 25 किलोचा मेटल गिअर घ्या. सोळाशे रुपये गेले.

नवीन घातल्यावर आवाज कमी झाला. मी खूश. खरं म्हणजे बेलक्रँकच्या (सर्वोचा जोर चाकांकडं नेणाऱ्या तुकड्याच्या) बुशात काळी माती घुसून वाळली होती. पावसाळ्यात रानात पळवायचं, वरवर फडकं मारायचं आणि ठेवून द्यायचं, ही माझी सवय. आपली माती वाळली की सिमेंट होते. जुना सर्वो तिला हलवू न शकल्यानं कण्हत होता, नवा जोर लावून ढकलत होता, एवढाच फरक. त्यात हॉर्न एक दात तिरका बसवलेला. 25 दातांच्या दांड्यावर एक दात म्हणजे 14.4 अंश. तेवढं मी ट्रिमनं ओढून सरळ केलं होतं, त्यामुळं डावीकडं चाक टोकाला भिडलं तरी सर्वोला अजून पुढं जायचं असायचं.

असला सर्वो अडला की दोन-अडीच अँपिअर सहज ओढतो. माझ्या ईएससीतला (मोटरचा वेग सांभाळणारी डबी) बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोला वीज पुरवणारा भाग, 5 व्होल्ट 2 अँपिअरचा. मेहुण्याच्या शेतात शेततळ्याच्या भरावावर फुल थ्रॉटलला डावीकडं वळवलं, व्होल्टेज कोसळलं, रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर बंद पडला. मोटर थांबली, पण उताराला लागलेली गाडी काय थांबते! प्लास्टिकच्या कागदावरून घसरत सरळ पाण्यात. ईएससी आणि रिसीव्हर दोन्ही गेले. नवा सर्वो तेवढा वाचला.

आता तुमचं. हॉर्न काढल्यावर आवाज गेला, तर चाकं हातानं डावी-उजवी फिरवून बघा. कुठं खरखरलं, जड लागलं, तिथं खोला, जुन्या टूथब्रशनं घासा. तेल घालू नका, धूळ चिकटून आणखी घट्ट होतं. (घालणारे आहेत, त्यांचं त्यांच्यापाशी.) मग ट्रिम शून्यावर आणा, सर्वो मध्यावर येऊ द्या आणि तेव्हा हॉर्न बसवा. शेवटी एंड पॉइंट (सर्वोनं किती लांब वळायचं ती रिमोटवरची मर्यादा) कमी करत न्या, चाक टोकाला पोचल्यावर घरघर थांबेपर्यंत. आमच्याकडं सगळ्यांचा 100 नाहीतर 120 वरच असतो, कमी केला तर कमीपणा वाटतो की काय कोण जाणे.

हॉर्न काढूनही थरथरत असेल तर आतला पॉट (सर्वोला त्याची जागा कळवणारा भाग) झिजलाय किंवा वीज नीट येत नाही. दुसरा सर्वो लावून बघा. उघडून स्प्रे मारणारे भेटतील, माझा तसा पंधरा दिवस चालला होता.

रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला 16 व्होल्टचा 2200 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात, क्षणभराच्या घसरणीला उपयोगी आहे. पांढरी पट्टी म्हणजे निगेटिव्ह, उलटा लावला तर फुटतो. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं मिळतो. पण बीईसीच अपुरा असेल तर ही मलमपट्टी. वेगळा बीईसी लावणार असाल तर ईएससीच्या प्लगमधली लाल तार आधी सोडवा. कापू नका, सुईनं प्लास्टिकची जीभ उचलली की पिन निघते, तिला टेप गुंडाळा. मल्टिमीटरनं 5 व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका, क्षणात होणारी घसरण त्याला दिसत नाही.

हॉर्न काढून चालू केल्यावर काय होतं ते लिहा. ईएससीवरच्या स्टिकरचा फोटोही टाका, बीईसीचा आकडा बघितल्याशिवाय 25 किलोला मी हो म्हणणार नाही.