मळ्यावर पहिल्यांदाच मुक्कामाला जाताय?

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात मळ्यावर चार दिवस राहणार म्हणताय, तर ताई, आधी एक सांगतो. तिथं रूम सर्व्हिस नसते. अंघोळीचं पाणी बंब पेटला की मिळतं, तुम्ही मागाल तेव्हा नाही. शेतीपंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीची. घरमालक अकराला बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला निघाला तर दचकू नका. मोर पहाटेच ओरडतात, त्याला इलाज नाही.

फेब्रुवारी-मार्चात गेलात तर बघण्यासारखं खूप. हळद काढून, शिजवून खळ्यावर पसरलेली असते, वाळायला पंधरवडा सहज जातो. याच सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पांढरे कपडे मात्र घरीच ठेवा, डाग जात नाही.

जवळ गुऱ्हाळ, म्हणजे उसाच्या रसाचा गूळ करायची जागा, चालू असेल तर सोडू नका. चुलवाणात चिपाडं धडधडत असतात, काहिलीत रस उकळतो, त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घातलं की मळी, म्हणजे रसातली घाण, फेसासारखी वर येते आणि गूळ करणारा गुळव्या ती काढत राहतो. गरम काकवी आणि भाकरी खाऊन बघा. पोरांना काहिलीपासून लांब ठेवा.

चपला-बूट घालण्याआधी झटका. माझ्या बुटात एकदा विंचू निघाला होता, तेव्हापासून मी शहरातही झटकतो. रात्री उसाच्या कडेनं बॅटरीशिवाय फिरू नका, घोणस असते. आणि तिखट झेपत नसेल तर चूल पेटायच्या आधी सांगा. खरडा वाढल्यावर सांगून उपयोग नाही.