रत्नागिरीत आयसीयूत असलेल्या ७८ वर्षांच्या आजीचं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी, २.४ आलंय. अंगात ताकदच नाही म्हणून ती वाचणार नाही का?

नाही, एकट्या अल्ब्युमिनवरून तसं म्हणता येत नाही. जंतुसंसर्गात ते आपोआप उतरतं, २.४ हा आकडा आजाराचा जोर सांगतो, पोटात किती गेलं ते नव्हे. मी आहारतज्ज्ञ आहे, अतिदक्षता विभागात रोज हे बघते. बघायचं ते आधीचं: गेल्या तीन-चार महिन्यांत आजींचं वजन उतरलं का, बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या का, कानशिलं आत गेली का, जेवण निम्म्यावर आलं होतं का. आधीच खंगलेल्या वयस्कर माणसांत मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे खरं. म्हणून हे सगळं डॉक्टरांना आजच सांगा. बहुतेक घरचे सांगतच नाहीत. रक्तदाब सावरलेला असेल तर नळीने अन्न ४८ तासांच्या आत सुरू करतात आणि प्रथिनं हळूहळू किलोमागे १.३ ग्रॅमपर्यंत नेतात. ४५ किलोच्या आजींना दिवसाला साधारण ५८ ग्रॅम. उकड्या तांदळाच्या पेजेतून ते भागत नाही. मात्र घाई नको: बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर दिलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरतं आणि हृदयावर बेततं. मूत्रपिंड बिघडलं असेल तर जादा प्रथिनं अपायही करू शकतात. आणि कृपा करून मायेपोटी चमच्याने पेज किंवा शहाळ्याचं पाणी गुपचूप पाजू नका. गुंगीतल्या माणसाच्या ते श्वासनलिकेत जातं. आधी सिस्टरना विचारा, गिळता येतंय का ते तपासून घ्या.