पुसून झाले, तरी मन का मानत नाही?

करोनाच्या महासाथीत आणि तिच्यानंतरही समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेकांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे: बाहेरून आणलेले सामान कितीही धुतले, पुसले तरी मन मानत नाही, माझ्यामुळे घरातल्या कोणाला आजार झाला तर काय हा विचार पाठ सोडत नाही, मग मला वेड तर लागत नाही ना? वेड लागलेले नसते, हे आधीच सांगते. मात्र "उगाच काळजी करू नका" एवढे म्हणून सुटेल असा हा प्रश्न नाही. तो कसा वाढतो आणि कसा आटोक्यात येतो, हे एका बाईंच्या अनुभवातून सांगण्याचा प्रयत्न करते. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत.

त्या चाळिशी ओलांडलेल्या, हिशेबाच्या कामात मुरलेल्या आणि स्वभावाने अत्यंत नेटक्या होत्या. घरात पती, कॉलेजात जाणारा मुलगा आणि हृदयविकार असलेल्या वयस्कर सासूबाई. 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि घरातल्या एकानेच खरेदीला जायचे असे ठरले, तेव्हा पतींना मधुमेह होता आणि मुलाच्या वेंधळेपणावर कोणाचाच भरवसा नव्हता, म्हणून हे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी ते बिनतक्रार स्वीकारले. मात्र 2021 मध्ये निर्बंध पुन्हा कडक झाले, तेव्हा त्या व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर बसल्या होत्या. तळहातांची कातडी सोलवटलेली होती, आणि तो हात कॅमेऱ्यासमोर येणार नाही याची त्या काळजी घेत होत्या.

खरेदीच्या दिवशी घरात काय होते, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी क्रमवार सांगितले. पिशव्या दारातच ठेवायच्या, एका बादलीत साबणाचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घ्यायचे, प्रत्येक पाकिटाची दुमडलेली कड उलगडून आतून पुसायची, आणि बाटलीच्या झाकणाखालची खाच जुन्या टूथब्रशने घासायची. खाच घासत असताना कोणी हाक मारली की ती पुरती घासून झाली होती की नाही याची खात्री उरत नसे, आणि ती बाटली पुन्हा पहिल्या बादलीत जात असे. सॅनिटायझरने पुसून पुसून पाकिटांवरच्या तारखा उडून गेल्या होत्या, त्यामुळे कोणते सामान आधी संपवायचे हेही कळेनासे झाले होते. फळे आणि भाज्याही त्या कपड्यांच्या साबणाने धूत असत. खरेदीला लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी पट वेळ या दारातल्या कामात जाई, आणि एवढे करूनही त्या रात्री सासूबाई खोकल्या की त्या अंथरुणात उठून बसत.

सगळे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "मॅडम, एकदाच सांगा, एवढे पुरेसे आहे ना?"

समुपदेशकाच्या दृष्टीने हा प्रश्न फार नाजूक असतो. विचारणाऱ्या व्यक्तीला कधी माहिती हवी असते, तर कधी दिलासा हवा असतो, आणि महासाथीत या दोन गरजा इतक्या मिसळून जातात की त्या वेगळ्या करणे हेच पहिले काम ठरते. माहिती एकदा नीट मिळाली की पुरते. दिलासा मात्र पुढच्या पिशवीपर्यंतच टिकतो, त्यानंतर तो पुन्हा मागावा लागतो, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडा जास्त मागावा लागतो. म्हणून मी त्यांना माहिती एकदाच, पण सविस्तर आणि लेखी देण्याचे कबूल केले. त्यानंतर हाच प्रश्न आला तर त्या कागदाकडेच बोट दाखवीन, हेही तेव्हाच सांगितले.

त्यांच्या मनात "72 तास" हा आकडा घट्ट बसला होता. तो खोटा नव्हता. मार्च 2020 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्लास्टिकवर हा विषाणू 72 तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत आढळला होता. पण त्याच प्रयोगांत प्लास्टिकवरील जिवंत विषाणूचे प्रमाण साधारण सात तासांत निम्मे होत होते, म्हणजे तिसऱ्या दिवशी जे हाती लागले ते मूळ प्रमाणाचा अगदी नगण्य अंश होते. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांमधून आकडा तेवढा पोहोचला, त्याचा अर्थ मागे राहिला. पुढे एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने उपलब्ध अभ्यासांच्या आधारे सांगितले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे 10,000 मध्ये एकापेक्षाही कमी असते. मुख्य धोका श्वासाचा होता. बंद, कोंदट जागेत, माणसांच्या गर्दीत, जास्त वेळ थांबण्याचा होता. म्हणजे घरच्या दारात पाकिटांवर घालवलेल्या दुपारीपेक्षा दुकानात रांगेत घालवलेली काही मिनिटे अधिक महत्त्वाची होती, आणि त्या मिनिटांकडे त्यांचे फारसे लक्षच नव्हते.

हे ऐकून त्यांना हायसे वाटेल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. त्यांना राग आला. "म्हणजे वर्षभर मी हे सगळे उगाच केले?" असे त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ बोलल्या नाहीत. हा राग मला अत्यंत रास्त वाटतो. दिलेल्या सूचना प्रामाणिकपणे पाळणाऱ्या माणसाला त्या सूचना बदलल्यावर फसवले गेल्यासारखे वाटते, आणि त्यावर घाईघाईने समजूत घातली तर तो राग नव्या सूचनांवरच्या अविश्वासाच्या रूपाने मनात राहतो. मार्च 2020 मध्ये जे ठाऊक होते त्यावरून सावध राहणे शहाणपणाचे होते, आणि त्यांनी ते घरच्यांवरच्या मायेपोटी केले होते. ते चूक ठरवण्याची काहीच गरज नव्हती. आज जे ठाऊक आहे त्यावरून आज काय करायचे, एवढाच प्रश्न आमच्यासमोर होता.

साबणाने धुतलेल्या भाज्यांविषयी मात्र त्यांना फार लाज वाटत होती, कारण साबणाचा अंश पोटात जाऊ शकतो म्हणून खाद्यपदार्थ साबणाने धुऊ नयेत, नुसत्या वाहत्या पाण्याने धुवावेत, असे त्यांनी पुढे वाचले होते. असे करणाऱ्या आपण एकट्याच, असे त्या धरून चालल्या होत्या. मे 2020 मध्ये अमेरिकेत 502 प्रौढांच्या सर्वेक्षणात 19 टक्के लोकांनी खाद्यपदार्थांवर ब्लीच वापरल्याचे सांगितले होते, हे मी त्यांना दाखवले. भीतीच्या काळात चांगली, विचारी माणसेही अशी वागतात, हे समोर दिसल्यावर त्यांचा स्वर प्रथमच थोडा सैल झाला.

माहितीचे काम एवढेच होते. माहितीने सवय सुटत नाही, याचे कारण सवय माहितीवर उभी राहिलेलीच नसते. मनात भीती दाटते, आपण पाकीट घासतो, भीती थोडी उतरते, आणि घासल्यामुळेच संकट टळले अशी मनाची खात्री पटते. न घासता काय झाले असते हे पाहण्याची संधी मनाला कधी मिळतच नाही. शिवाय त्यांच्या कामाला शेवट असा नव्हता. बाटली स्वच्छ दिसणे ही त्यांची थांबण्याची खूण नव्हती, "आता बरे वाटते आहे" ही होती, आणि धास्तावलेल्या मनाला पुरेसे बरे कधी वाटतच नाही. माझ्या मते सावधगिरी आणि चिंता यांतला कामापुरता फरक इथेच आहे: सावधगिरी कुठे थांबणार हे आधी ठरवता येते, चिंता मात्र ते दर वेळी मनाच्या अवस्थेवर सोडते.

म्हणून आम्ही थांबण्याची जागा आधी ठरवली. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये प्रथम मांडलेली एक पद्धत अशा अनिवार्य कृतींसाठी आजही वापरली जाते. तिच्यात भीती वाटणाऱ्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे असते आणि भीती उतरवणारी नेहमीची कृती करायची नसते. महासाथीत ती जशीच्या तशी वापरता येत नाही, कारण काही काळजी खरोखरच घ्यायची होती. त्यामुळे आरोग्ययंत्रणेने सांगितलेल्या गोष्टी आम्ही जशाच्या तशा ठेवल्या: मास्क, अंतर, गर्दी नसलेली वेळ, आणि घरी आल्यावर साबणाने 20 सेकंद हात धुणे. सामान जागेवर लावायचे, पुन्हा एकदा हात धुवायचे, आणि काम संपले असे समजायचे. त्यापलीकडचे सर्व काही हळूहळू सोडायच्या यादीत गेले. खरेदीची यादीही दुकानातील मांडणीच्या क्रमाने लिहायची असे ठरले, म्हणजे आत घुटमळणे कमी होईल. टंचाईच्या धास्तीने भरून ठेवलेले कपाट आधी रिकामे करायचे हेही ठरले, आणि ते त्यांना तुलनेने सोपे गेले.

अवघड होते ते न पुसता ठेवणे. भीती 0 ते 100 या मापात किती आहे हे त्यांनी वहीत लिहायचे होते, आणि हिशेबी स्वभावामुळे हे काम त्यांना जमले. सर्वांत कमी भीती ज्याची वाटत होती तो बंद डबा त्यांनी प्रथम न पुसता फळीवर ठेवला. नोंद होती 70. अर्ध्या तासाने 45, झोपताना 20. पुढे एकदा हा आकडा उतरलाच नाही, आणि त्यांनी रात्री उठून सर्व काही पुसून काढले. पुढच्या भेटीत त्या अपराधी चेहऱ्याने आल्या, पण आम्ही त्या रात्रीचा उपयोग करून घेतला. भीती उतरलीच पाहिजे असा आग्रह धरला की ती मोजत बसणे हीच एक नवी तपासणी होते. भीती असतानाही जेवता येते, बोलता येते, झोपायला जाता येते, हे अनुभवाने कळणे पुरेसे असते.

या सगळ्यात घरच्यांचा वाटा मोठा होता, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या घरात आल्या की पती सहज विचारत, "नीट पुसलेस ना?" त्यांच्या मनात काहीच नसे, पण या तीन शब्दांनी घराची सारी जबाबदारी दर वेळी त्या एकटीवर येऊन पडत होती. बाहेर जाणारे माणूस एकटे असते, आणि काही विपरीत घडले तर दोषही त्याचाच, असे कोणी न बोलताही घरात ठरून जाते. म्हणून मी एका सत्राला सर्वांना बसवले. सासूबाई बराच वेळ ऐकत होत्या. मग सुनेकडे पाहून म्हणाल्या, "अगं, दुखणे कुठून येईल हे कोणाला सांगता येते का? मला काही झाले तर तुझ्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही, आणि या दोघांनाही म्हणू देणार नाही." मी अनेक भेटींमध्ये जे साधू पाहत होते, त्यातला मोठा भाग या बोलण्याने झाला.

त्यानंतर खरेदीच्या पाळ्या ठरल्या, कधी त्या आणि कधी मुलगा. स्वतः जाण्यापेक्षा मुलाला पाठवणे त्यांना जास्त जड गेले, कारण त्याने दुकानात कशाला हात लावला हे त्यांना दिसत नव्हते. भीती सामानाची कमी आणि ताबा सुटण्याची जास्त आहे, हे त्यांचे त्यांनाच तेव्हा उमगले. पतींनी प्रश्न बदलला. ते आता "दमलीस का?" असे विचारू लागले.

अशा प्रत्येकाला समुपदेशन पुरेल असे नाही. या कृतींमध्ये दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ जात असेल, हात सोलवटत असतील, जेवण किंवा झोप बिघडली असेल, किंवा घरातल्या माणसांना जवळ घेणेही टाळले जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. हा ओसीडी, म्हणजे ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात तो आजार असू शकतो, आणि त्यावर परिणामकारक औषधे आहेत. या बाईंनाही मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले होते. औषध तूर्त नको, थेरपी चालू ठेवावी, असा त्यांचा निर्णय झाला. हातांसाठी त्वचारोगतज्ज्ञांचे मलम मात्र बराच काळ लावावे लागले.

भेटी थांबवताना त्यांच्या दोन सवयी उरल्या होत्या. बाटलीचे झाकण त्या अजून ओल्या फडक्याने पुसत, आणि दूध आणले की पिशवी धूत. त्यात वेळ जात नव्हता आणि त्या न करता राहिल्या तरी रात्र खराब होत नव्हती, म्हणून त्या आम्ही तशाच राहू दिल्या. आजाराच्या बातम्या पुन्हा वाढल्या तर काय, हे त्यांनी स्वतःच विचारले. तेव्हा घरात असे ठरले की आरोग्ययंत्रणेने जे नव्याने सांगितले असेल तेवढेच चौघांनी मिळून वाचायचे, त्यातले काय पाळायचे आणि कुठे थांबायचे हे कागदावर लिहायचे, आणि तो कागद कपाटाच्या दारावर लावायचा. त्यात नसलेली कोणतीही गोष्ट एकट्याने सुरू करायची नाही.