मिशिगनच्या गव्हर्नरपदाची नावं इतक्या आधी का निघतात?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटजवळ राहतो. तो सांगतो, निवडणुकीला दीड-दोन वर्षं असतानाच तिकडे गव्हर्नरपदासाठी नावं सुरू होतात. आपले राज्यपाल तर नेमलेले असतात. मग तिथं तिकीट देतं कोण? आणि त्या नावांतलं खरं कोणतं, हे कसं ओळखायचं? – एक वाचक, चोपडा

उत्तर : आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक घटनेच्या कलम १५५ नुसार राष्ट्रपती करतात. जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००४ मध्ये राजस्थानच्या राज्यपाल झाल्या, त्या अशाच. मिशिगनचा गव्हर्नर मात्र राज्याचा कारभार चालवतो. त्याचं काम आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचं आणि निवड थेट सरपंचासारखी, लोकांच्या मतांनी. मुदत ४ वर्षं, तीही दोनदाच. ग्रेचेन व्हिटमर २०१८ आणि २०२२ मध्ये निवडून आल्या, त्यामुळे २०२६ ला त्यांना उभं राहता येत नाही. खुर्ची रिकामी होणार हे एवढं आधी ठाऊक असलं, की इच्छुक गुडघ्याला बाशिंग बांधणारच. डेट्रॉइटचे तेव्हाचे महापौर माइक डगन यांनी तर डिसेंबर २०२४ मध्येच अपक्ष लढणार असं जाहीर केलं.

दोन मोठ्या पक्षांत तिकीट श्रेष्ठी देत नाहीत. ऑगस्टमध्ये प्राथमिक निवडणूक होते आणि पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात. म्हणून तिथला इच्छुक नेत्यांच्या दारी खेटे घालण्यापेक्षा लोकांत नाव पोचवण्यात आणि पैसा उभा करण्यात वेळ घालवतो. अपक्षाला ही पायरी नसते. तो मतदारांच्या सह्या गोळा करून थेट नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येतो.

नाव खरं की नुसती हवा, हे कागदांवरून कळतं. उमेदवाराचं वय किमान ३० हवं आणि तो ४ वर्षं राज्याचा नोंदणीकृत मतदार हवा. २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे एक इच्छुक अब्दुल अल-सय्यद यांची मधल्या काळात न्यूयॉर्कला मतदार नोंदणी होती, त्यावरून त्यांच्या पात्रतेवर हरकत आली. न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला. दुसरी खूण म्हणजे प्रचार समितीची अधिकृत नोंदणी आणि तिचा जमाखर्च. पैसा जमवायला सुरुवात झाली नसेल, तर त्या नावावर फार विसंबू नये.

खरी चाळणी सह्यांची. आपल्याकडे विधानसभेला सर्वसाधारण उमेदवार १०,००० रुपये अनामत भरतो. तिथं पक्षाच्या उमेदवाराला एप्रिलपर्यंत किमान १५,००० मतदारांच्या ग्राह्य सह्या द्याव्या लागतात, जास्तीत जास्त ३०,०००. सह्या गोळा करायला पैसे देऊन माणसं लावतात, आणि घात इथेच होतो. २०२२ मध्ये अशा माणसांनी बनावट सह्या ठोकल्या आणि रिपब्लिकन पक्षाचे १० पैकी ५ इच्छुक मतपत्रिकेवरून बाद झाले. त्यांत आघाडीवर मानले जाणारे डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग होते. शहाणा उमेदवार म्हणूनच भरपूर जादा सह्या जमवतो आणि देण्याआधी त्या मतदार यादीशी ताडून घेतो.

सुरुवातीच्या जनमत चाचण्यांचं काय? त्या बहुतेक वेळा नावाची ओळख मोजतात, मतं नाही. आपल्या मराठी माणसाचंच उदाहरण घ्या. मूळ बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून इच्छुक होते. पदरच्या पैशातून त्यांनी टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला आणि काही चाचण्यांत ते व्हिटमर यांच्याही पुढे दिसले. ऑगस्टच्या मतदानात मात्र सुमारे १८ टक्के मतं मिळून ते तिसरे आले. ती मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये ते खासदार झाले.

प्रश्न : मुलाकडे ग्रीन कार्ड आहे, सून एच-१बी व्हिसावर. त्यांनी कुणाला वर्गणी दिली तर चालेल का? आम्ही इथून पाठवली तर? – तेच वाचक

उत्तर : मुलाला स्वतःच्या पैशातून देता येईल. सुनेला नाही, तुम्हालाही नाही. ग्रीन कार्ड, म्हणजे तिथं कायम राहण्याचा परवाना, नसलेल्या परदेशी नागरिकांच्या वर्गणीवर तिथल्या कायद्यानं बंदी आहे आणि ती राज्याच्या निवडणुकांनाही लागू आहे. तुमचे पैसे मुलाच्या नावाने देणं हाही गुन्हाच. मतदान मात्र मुलालाही करता येत नाही, ते नागरिकत्व मिळाल्यावरच. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कचेरीत मतदार नोंदणीचंही काम होतं. तिथं ‘नागरिक आहे’ या चौकटीत चुकून खूण झाली, तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो, देश सोडण्याचीही वेळ येऊ शकते. अर्ज नीट वाचून मगच सही करायला दोघांना सांगा.