सिग्नलला थांबल्यावर बाइक न्यूट्रलला पडत नाही, काय करावं?

इंजिन बंद केल्यावर न्यूट्रल सहज पडतो का, ते आधी बघा. पडत असेल तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका, बहुतेक क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे दाबूनही इंजिन गिअरपासून पूर्ण वेगळं होत नाहीये. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबूनही गाडी पुढे ओढत असेल, तर खात्रीच.

क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी ढिलाई (क्लच ओढायला लागण्याआधीची मोकळी हालचाल) हवी; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. जास्त असेल तर केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवून कमी करा. पण शून्यावर आणू नका, क्लचच्या प्लेटा घसरून जळतात! केबलचे तार सुटायला लागले असतील तर ती बदलाच. इंजिन ऑइल जुनं झालं तरी प्लेटा चिकटतात.

तोवर गाडी थांबायच्या आत, चाकं फिरत असतानाच दुसऱ्या गिअरमधून हलकेच न्यूट्रल घ्या. उभ्या गाडीत गिअरवर लाथा मारू नका. क्लच किंचित सोडून पुन्हा दाबा आणि गिअर पायाने अलगद उचला.