जुना ब्रेल नोटटेकर हॉस्टेलच्या वाय-फायला जोडणं सुरक्षित आहे का?

तुम्ही विचारलंय की तुमची बहीण पूर्ण अंध आहे, बारावीनंतर हॉस्टेलवर राहायला जातेय आणि एका ट्रस्टकडून तिला विंडोज सीईवर चालणारा जुना ब्रेल नोटटेकर मिळालाय. तिचे सगळे पासवर्ड आणि एटीएमचा पिनसुद्धा त्यातच आहे, कारण 'ब्रेल वाचता येतं कुणाला?' असं ती म्हणते. तो हॉस्टेलच्या वाय-फायला जोडावा का?

जोडू नये. तिचं ते वाक्य मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी जन्मांध आहे. २०१२ मध्ये पुण्यात हॉस्टेलवर असताना माझ्याकडेही असाच एक नोटटेकर होता. ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: त्याला पडदा नसतो. बोटांखाली वरखाली होणाऱ्या ठिपक्यांची एक ओळ असते, १८ किंवा ३२ सेलची (सेल म्हणजे एका ब्रेल अक्षराची जागा). ब्रेलची बटणं आणि बोलणारा आवाज असतो, आणि आत एक छोटा संगणक. नवा घ्यायचा तर काही लाख रुपये पडतात. माझ्या नोट्स, पत्रं, डायरी, बँकेचे पासवर्ड सगळं त्यात होतं. खोलीत चौघं राहायचो, पण यंत्र पलंगावर उघडं टाकून मी जेवायला जायचो. बाकी तिघांना त्यातलं काय कळणार होतं?

त्यातला एक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा होता. लॅबच्या अभ्यासासाठी त्याने एका संध्याकाळी एनमॅप (नेटवर्कवरच्या यंत्रांची कुठली दारं उघडी आहेत ते शोधणारा प्रोग्राम) चालवून आमच्या खोलीतली यंत्रं तपासली आणि म्हणाला, "अरे, तुझ्या ब्रेलवाल्या मशीनवर २१ आणि २३ ही पोर्टं उघडी आहेत." २१ म्हणजे एफटीपी, फाइली द्या-घ्यायचा दरवाजा. २३ म्हणजे टेलनेट, दुरून यंत्राला आज्ञा द्यायचा दरवाजा. मी म्हटलं, बघ जाऊन. तो गेला. पासवर्ड विचारलाच नाही. त्याने फाइलींची यादी मागवली आणि एकेक नाव मला मोठ्याने वाचून दाखवू लागला. 'आईला पत्र' आलं तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "पुढचं मी वाचत नाही." त्याचा तो चांगुलपणा मी विसरलेलो नाही. पण त्याच वाय-फायवर दीड-दोनशे मुलं होती.

हे असं का होतं? विंडोज सीई ही छोट्या उपकरणांसाठीची प्रणाली. यंत्र बनवताना इंजिनिअरला चाचणी घेणं सोपं जावं म्हणून मायक्रोसॉफ्टने तिच्यासोबत एफटीपी आणि टेलनेटचे सर्व्हर तयारच दिलेले असत. विक्रीआधी ते काढून टाकायचे किंवा निदान त्यांना पासवर्ड लावायचा, ही यंत्र बनवणाऱ्याची जबाबदारी. माझ्या यंत्रात ते तसेच राहून गेले होते आणि बंद करायला मेनूत कुठे पर्यायही नव्हता. बनवणाऱ्या कंपनीला मी दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. प्रत्येक नोटटेकरमध्ये हे भोक असेलच असं नाही. पण तुमच्या बहिणीच्या यंत्रात ते नाही, हे कुणी तपासलंय का?

आता 'ब्रेल कुणाला वाचता येतं' याबद्दल. ठिपके फक्त बोटांखाली असतात. फाइलीत ठिपके नसतात, साधी अक्षरं असतात. ब्रेलच्या सहा ठिपक्यांच्या ६४ रचना होतात आणि .बीआरएफ या ब्रेल मजकुराच्या फाइलीत त्या प्रत्येक रचनेसाठी कीबोर्डवरचं एकेक चिन्ह ठरलेलं आहे. इंग्रजी ब्रेलमध्ये लिहिलेलं तर, संक्षेप वापरले नसतील तर, जसंच्या तसं इंग्रजीच दिसतं. मराठीसाठी आपण भारती ब्रेल वापरतो. त्यात 'क'चे ठिपके इंग्रजी 'के'चेच आहेत, आणि कान्याची रचना फाइलीत गणितातल्या 'पेक्षा मोठे' या चिन्हाने लिहिली जाते. म्हणजे 'काका' हा शब्द 'के', ते चिन्ह, पुन्हा 'के', पुन्हा ते चिन्ह असा दिसतो. एक पानभर मजकूर हातात आला तर मराठी येणारा कुठलाही चिकाटीचा मुलगा तासाभरात हे उलगडेल. ब्रेल ही लिपी आहे, कुलूप नव्हे. हे मला कुणीतरी दहावीतच सांगायला हवं होतं.

दुसरी अडचण वयाची. विंडोज सीई ६.० आली २००६ मध्ये, आणि मायक्रोसॉफ्टने तिचा आधार पूर्णपणे थांबवला एप्रिल २०१८ मध्ये. त्यानंतर सापडलेली भोकं कुणी बुजवत नाही. साइटशी होणारी देवाणघेवाण कुणाला वाचता येऊ नये म्हणून टीएलएस नावाचं कूटलेखन (एन्क्रिप्शन) वापरतात; तिला त्याच्या १.० च्या पुढची आवृत्ती येत नाही, आणि इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने मार्च २०२१ मध्ये १.० आणि १.१ दोन्ही बाद ठरवली. म्हणून बहुतेक साइट त्यावर उघडतच नाहीत. मग माणूस वैतागून ईमेलच्या सेटिंगमध्ये कूटलेखनच बंद करून बघतो, आणि एखाद्या जुन्या मेल सर्व्हरवर ते चालतंही! तेव्हा पासवर्ड उघड्यावरून जातो. आणखी एक, आतली छोटी बॅटरी मेली की यंत्राची तारीख मागे जाते आणि ज्या साइट उघडतात त्यांवरही प्रमाणपत्राचा (साइट खरी असल्याच्या दाखल्याचा) इशारा येतो. रोज दहा इशारे ऐकून 'पुढे जा' दाबायची बोटांना सवय लागते. मला लागली होती.

अँड्रॉइडवाले नोटटेकर बरे, पण तिथेही हीच रड आहे. ब्रेलनोट टच २०१६ मध्ये आला तो अँड्रॉइड ४.४ घेऊन, जे २०१३ चं होतं. फोन लोक सहसा तीन-चार वर्षांत बदलतात. लाखांचं यंत्र, तेही देणगीतून मिळालेलं, दहा-दहा वर्षं वापरलं जातं आणि मग धाकट्या कुणालातरी दिलं जातं. गिऱ्हाईक मोजकं, त्यामुळे भोकं शोधणारेही मोजके. अंध विद्यार्थ्यांच्या वाट्याला जुनं यंत्र येतं याचं मला वाईट वाटत नाही, तेच यंत्र मला शिकवून गेलं. पण देताना 'हे नेटला जोडू नकोस' एवढं एक वाक्य कुणी सांगत नाही, याचा मला आजही राग येतो.

मग तिने काय करावं? यंत्र वापरत राहावं, वाय-फाय बंद ठेवून. लिहायला-वाचायला नेट लागतच नाही. पुस्तकं सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातून फोनवर किंवा लॅपटॉपवर उतरवावीत आणि मेमरी कार्डाने किंवा पेनड्राइव्हने यंत्रात टाकावीत. कधी नेट लागलंच, तर स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावावा, त्यावर दुसरं कुणी नसतं. काम झालं की वाय-फाय पुन्हा बंद.

फोनला ब्रेल डिस्प्ले म्हणून जोडायचं असेल तर केबलने जोडावं. जुन्या यंत्रांचा ब्लूटूथ पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असतो आणि चार आकडी पिनची ती जुनी जोडणी कशी फोडता येते हे २००५ मध्येच दोन इस्रायली संशोधकांनी दाखवलं होतं. तिने ब्रेलच्या बटणांवर टाइप केलेला पासवर्ड त्याच हवेतून फोनकडे जातो. केबल शक्यच नसेल तर जोडणी घरीच करून घ्यावी आणि नंतर यंत्र 'इतरांना दिसू नये' असं ठेवावं.

पासवर्ड आणि एटीएमचा पिन आजच्या आज नोटटेकरमधून काढावेत. पासवर्ड फोनच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, पिन पाठ. फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) असेल तर पासवर्ड टाकताना कानात इअरफोन आणि पडदा काळा करणं, या दोन सवयी लावून घ्यायला सांगा. मेसमध्ये बसून ओटीपी मोठ्याने बोलणारा फोन मी स्वतः ऐकलाय. आणि पिन बदलूनच घ्यावा, कारण हे यंत्र आधी कुठे कुठे जोडलं गेलं होतं ते तुम्हाला माहीत नाही.

एक विनंती. हे सगळं तिच्या परस्पर करू नका. त्यात तिच्या खाजगी फाइली असतील. लॅपटॉप घेऊन तिच्या शेजारी बसा, हॉटस्पॉटवर तिचं यंत्र जोडा, एनमॅप तिच्यासमोर चालवा आणि काय दिसतं ते तिला वाचून दाखवा. २१ किंवा २३ उघडं निघालं तर यंत्राचं मॉडेल इथे लिहा. बंद करायचा रस्ता आहे का ते मी बघून सांगतो.