गरम झाली की रुसते

प्रश्न : काका, आजोबांची १९६७ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, सकाळी झटकन सुरू होते. मे महिन्यात दुपारी सीताबर्डीत दहा मिनिटं थांबवली की मात्र स्टार्टच घेत नाही. कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) बदलू का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : अजिबात नको! या गाडीचे एसयू कंपनीचे दोन्ही कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या गरम नळ्यांच्या वरच बसतात. गाडी बंद केली की धग वर चढते अन् पेट्रोल उकळतं. त्यात आपला नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस! मधला उष्णता अडवणारा पत्रा जागेवर आहे का बघा. माझ्या गाडीचा कुणीतरी काढून फेकला होता, ते कळायला दोन उन्हाळे गेले. पत्र्याचं जुनं अस्तर खरवडू नका, त्यात घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं. गरम गाडीला चोक ओढू नका. चावी फिरवा, गाडीच्या मागच्या बाजूच्या इंधन-पंपाची टिकटिक थांबू द्या, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा.